अमेरिकेतलं रोजचं जगणं : तुम्ही काय पाहिलंत, तुम्हाला काय वाटतं?

भारतातून फोन आला की प्रश्न दोनच असतात. "तिकडे मजा आहे बुवा तुमची!" नाहीतर "तिकडे फार वाईट दिवस आलेत म्हणे?" दोन्हींना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. सहलींबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. इथे नोकरी, शाळा, दवाखाना, शेजार, पैसा यांबद्दल लिहा. स्वतःचा अनुभव सांगा आणि त्यावरून झालेलं मतही मोकळेपणाने मांडा. कंपनीचं किंवा हॉस्पिटलचं नाव मात्र नको.

सुरुवात मी करते. मी ओहायोत फार्मासिस्ट आहे. आमच्या काउंटरवर वर्षातला सगळ्यात अवघड महिना जानेवारी. विमा कंपनीने पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून जी रक्कम भरायची असते, ते डिडक्टिबल बहुतेकांचं १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. डिसेंबरात थोडक्यात मिळालेलं औषध जानेवारीत शेकडो डॉलरवर जातं. मागच्या हिवाळ्यात एक बाई तीन औषधं न्यायला आल्या. बेरीज ऐकून नवऱ्याचं मधुमेहाचं औषध घेतलं, मुलाचा इनहेलर घेतला आणि स्वतःच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या "पगार झाल्यावर नेते" म्हणून माझ्याकडे परत सरकवल्या. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका माणसाने काही न बोलता आपलं कार्ड पुढे केलं. त्यांची काही ओळख नव्हती.

अशी माणसं मला इथे सतत भेटतात आणि त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे. पण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी मिळणं हे रांगेत मागे कोण उभं आहे त्यावर ठरावं, हे मला पटत नाही. मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या ज्येष्ठांसाठी २०२३ पासून इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली, तेव्हा काउंटरवर फरक लगेच दिसला. कायद्याने हे होऊ शकतं. म्हणून "इथे असंच असतं" हे उत्तर मी आता मान्य करत नाही.

अल्फारेटा, जॉर्जिया. सॉफ्टवेअर.

सकाळी पावणेनऊला मीटिंगचं निमंत्रण आलं, त्यात मॅनेजरच्या जोडीला एचआरचं नाव. तिथेच कळलं. मीटिंग संपेपर्यंत लॅपटॉप बंद झाला होता. मॉन्टाना सोडलं तर इथल्या सगळ्या राज्यांत नोकरी "ॲट विल" असते, म्हणजे कारण न देताही काढता येतं. इथवर सगळ्यांचं सारखंच. पण एच-वनवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला, २०१७ पासूनच्या नियमाने फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज केला नाही आणि दुसरी कुठली परवानगीही काढली नाही, तर गाशा गुंडाळायचा. त्याच दिवसांत घराचा हप्ता, मुलीची शाळा आणि तिच्या दम्याची औषधं. कोब्रा कायद्याने जुना विमा दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण इतके दिवस कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. आकडा ऐकून बायको म्हणाली, "हे तर दुसरं घरभाडं झालं."

नवी नोकरी वेळेत मिळाली. कपातीचा राग नाही, धंद्यात चढउतार होतात. राग याचा आहे, की पगार, देशात राहायची परवानगी आणि डॉक्टर हे तिन्ही एकाच खुंटीला टांगलेलं आहे. हे अन्यायाचं आहे, आणि विम्यापुरतं ते इथे जन्मलेल्या माझ्या सहकाऱ्यांनाही तितकंच लागू आहे. मुलाच्या आजारपणामुळे नको असलेली नोकरी धरून बसलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

आणि हेही लिहायला हवं. इथली कामाची पद्धत मला मनापासून आवडते. पाच वाजता "मुलाची मॅच आहे" असं सांगून डायरेक्टर उठतो. नवखी इंजिनिअर भर बैठकीत त्याला "हे चालणार नाही" म्हणते आणि तो वही काढून तिचं म्हणणं लिहून घेतो. पुण्यात नोकरी करताना हे मी पाहिलं नव्हतं.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना.

दादांनी विम्याचं लिहिलं, मी बाळंतपणाचं लिहिते. १९९३ च्या केंद्राच्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी. तीही कंपनीत ५० माणसं असली आणि तुमचं तिथे वर्ष भरलेलं असलं तर. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी पगारी रजेची सोय केली आहे. आमच्याकडे खासगी नोकरीला तसा कायदा नाही. नागपूरला माझ्या बहिणीला २६ आठवडे भरपगारी मिळाले, हे आमच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

माझ्या रजेचे शेवटचे आठवडे ज्यांच्यामुळे पगारी झाले, त्यांच्याबद्दल लिहिते. आमच्या कंपनीत एकाची साठलेली रजा दुसऱ्याला देता येते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, निवृत्तीला आलेल्या बाईंनी आपली रजा माझ्या नावावर केली. त्यांचं कारण एवढंच, की त्यांचा पहिला मुलगा तीन आठवड्यांचा असताना त्यांना कामावर यावं लागलं होतं. "ते मी कोणावर येऊ देणार नाही," म्हणाल्या. मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहीन. पण एका बाईने आपली सुट्टी दुसरीला द्यावी तेव्हा बाळाला आई मिळावी, हा काही उपाय झाला नाही.

न्यू जर्सी. मेडिकल बिलिंग.

हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

उपचारानंतर विमा कंपनीकडून जो पहिला कागद येतो त्याला ईओबी म्हणतात. त्यावर "हे बिल नाही" असं लिहिलेलं असतं, तरी घाबरून लगेच पैसे भरणारे लोक मी पाहते. थांबा. हॉस्पिटलचं बिल येऊ द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवा. मग फोन करून बाबवार बिल मागा. इमर्जन्सीत डॉक्टरांच्या तपासणीला एक ते पाच अशा पायऱ्या असतात, ९९२८१ ते ९९२८५ हे त्यांचे कोड. हाताला दोन टाके पडले आणि कागदावर ९९२८५ दिसला, तर विचारायचा हक्क आहे. विमा कंपनीने दावा नाकारला तर अपिलाला साधारणपणे १८० दिवस असतात. तिथेही नकार आला, तर बऱ्याच बाबतींत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे प्रकरण नेता येतं. नफ्यासाठी नसलेल्या हॉस्पिटलांना कमी उत्पन्नवाल्यांसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. ते मागून घ्या, कोणी आपणहून देत नाही.

२०२२ पासून नवा कायदा लागू आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे आपल्या विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरचं अचानक भलंमोठं बिल आता लावता येत नाही. पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यातून वगळली आहे. हेलिकॉप्टरने नेलं तर संरक्षण आणि गाडीने नेलं तर नाही! छातीत दुखत असताना "ॲम्ब्युलन्स नको, ऊबर बोलवा" म्हणणारे रुग्ण आमच्याकडे येतात.

ज्याला नेटकं इंग्रजी पत्र लिहिता येतं, भर दुपारी कामावरून तासभर फोन धरून बसता येतं, त्याचं बिल कमी होतं. ज्याला ते जमत नाही तो सगळं भरतो, नाहीतर वसुलीवाल्यांच्या तावडीत सापडतो. म्हणजे जास्त भार उचलतो तो गरीबच. हे मला रोज दिसतं आणि रोज टोचतं.

सध्या मिशिगन, कायमचा मुक्काम सांगली.

मुलांनो, आम्हा पाहुण्यांचंही ऐका. मी निवृत्त शिक्षक, उन्हाळ्यात मुलाकडे येतो. घर मोठं, सून-मुलगा गुणी. पण घरासमोर पदपथच नाही. दूध आणायचं तरी गाडी, केस कापायचे तरी गाडी. ज्याला गाडी चालवता येत नाही तो इथे दुपारभर घरात कोंडलेला. शहरांची आखणीच मोटारीसाठी केली, म्हाताऱ्यांचा आणि लहान मुलांचा विचार केला नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मला वाचवलं ते लायब्ररीने. मुलगा कामावर जाताना सोडतो आणि येताना घेतो. आत यायला कोणी कोण, कुठला विचारत नाही. एका टेबलावर अंगावर तीन-तीन कोट घातलेला, बहुधा बेघर असलेला गृहस्थ वर्तमानपत्र वाचत असतो. पलीकडे बायका इंग्रजी शिकत असतात. एप्रिलच्या आधी कर भरायचे कागद समजावून द्यायला स्वयंसेवक बसतात. ग्रंथपालबाईंनी मला कुठल्या भाषेत वाचायला आवडतं ते विचारलं आणि दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मराठी पुस्तक मागवून दिलं, फुकट. अँड्र्यू कार्नेगीने या देशात १६०० हून जास्त लायब्ऱ्या बांधून दिल्या, पण त्या चालवायची हमी गावांनी द्यायची, अशी अट घातली होती. ती वृत्ती अजून टिकून आहे. लायब्ररीसाठी जास्तीचा मालमत्ता कर द्यायचा का, यावर इथे लोक मतदान करतात, आणि "हो" म्हणतात! आपल्याकडच्या नगर वाचनालयांसाठी असा प्रश्न मतपत्रिकेवर आला तर किती लोक "हो" म्हणतील, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

ह्यूस्टनजवळ, टेक्सस. सरकारी शाळेत शिक्षिका.

काका, लायब्ररीसारखीच आणखी एक जागा म्हणजे सरकारी शाळा. मी दुसरीला शिकवते. प्रवेशाला राहण्याचा पुरावा आणि लसीकरणाचे कागद लागतात. आईवडिलांकडे या देशात राहायची परवानगी आहे का, हे मी विचारत नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्याच खटल्यात निकाल दिला, की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. माझ्या वर्गात डॉक्टरची मुलगी आणि छपरं घालणाऱ्या मजुराचा मुलगा एका बाकावर बसतात. याचा मला अभिमान आहे.

पण त्याच वर्गात आम्ही लॉकडाऊनचा, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याचा, सराव करतो. दिवे बंद, दाराला आतून कुलूप, मुलं खिडकीपासून लांब भिंतीला चिकटून. मागच्या खेपेला एका मुलीला उचकी लागली. सात वर्षांची ती पोर दोन्ही हातांनी तोंड दाबून माझ्याकडे बघत होती, आवाज होऊ नये म्हणून. मे २०२२ मध्ये याच राज्यात उवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर पालकसभेत बंदुकांचा विषय निघाला की चांगली, प्रेमळ माणसं गप्प होतात किंवा दाराच्या कुलपांबद्दल बोलायला लागतात. मला ते सहन होत नाही. सात वर्षांच्या मुलीने उचकी दाबायला शिकावं लागत असेल, तर त्या देशाच्या मोठ्या माणसांनी आपलं काम केलेलं नाही.

सीडर रॅपिड्स, आयोवा.

१० ऑगस्ट २०२० ला इथे डेरेचो आला, म्हणजे सरळ रेषेत घोंगावत येणारं वादळ. दुपारी तासाभरात गावातली मोठाली झाडं आडवी झाली. कित्येक घरांत आठवड्याहून जास्त काळ वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत यांत्रिक करवतींचा आवाज सुरू झाला. कोणी बोलावलं नव्हतं. एकेका घरासमोरचं झाड कापून रस्ता मोकळा करत लोक पुढे सरकत होते. फ्रीजरमधलं वितळायला लागलेलं मांस बाहेर अंगणात शिजत होतं, आम्ही शाकाहारी म्हणून कोणीतरी मक्याची कणसं वेगळी भाजली. वर्ष निवडणुकीचं होतं, समोरासमोरच्या अंगणांत दोन वेगळ्या उमेदवारांच्या पाट्या होत्या. त्या दोन घरांतले पुरुष आमच्या छतावर ताडपत्री ठोकत होते.

त्यांच्यातल्याच एकाच्या बायकोला पुढे कॅन्सर झाला. चर्चच्या हॉलमध्ये स्पगेटीचं जेवण ठेवलं, आलेले पैसे उपचाराला. आम्ही वाढायला होतो, सगळं गाव आलं होतं. जमलेली रक्कम मोजल्यावर तिचा नवरा हिशेबाचा कागद घेऊन बसला, आणि ती एका केमोलाही पुरत नव्हती. इतकी एकमेकांसाठी धावणारी माणसं हाच खर्च करातून एकत्र उचलायला का तयार नाहीत, हे मी त्यांना विचारलं आहे. "सरकारवर भरवसा नाही," हे उत्तर दोन्ही पाट्यांच्या घरांतून आलं. माझं म्हणणं मी अजून मांडतो. ते शांतपणे ऐकून घेतात.

न्यू जर्सी. विद्यार्थी.

मी मराठी लिहायला इथल्या मंडळाच्या शाळेत शिकलो. मी तीन वर्षांचा असताना आम्ही अमेरिकेत आलो. बाबांचा ग्रीन कार्डाचा अर्ज खूप वर्षांपासून रांगेत आहे, कारण कुठल्याही एका देशाच्या लोकांना वर्षातल्या कार्डांपैकी साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. कायद्याच्या हिशेबाने मी २१ चा झालो आणि त्यांच्या अर्जातून माझं नाव गेलं. आता मी ज्या गावात वाढलो तिथेच परदेशी विद्यार्थी आहे. लहानपणी आलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या मुलांना देशाबाहेर काढू नये म्हणून आलेला २०१२ चा डाका कार्यक्रम आमच्यासाठी नव्हता, कारण आम्ही कायदेशीर होतो. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म इथला, ती नागरिक आहे. एकाच घरात जेवायला बसतो, पण कायदा आम्हाला दोन देशांचे मानतो.

वरच्या सगळ्यांसारखंच माझंही म्हणणं आहे. मला शाळेत, संघात, शेजारात कोणी कधी परकं मानलं नाही. परकं मानतो तो कायदा, आणि तो लोकच बदलू शकतात. आमच्यासारख्यांसाठी २०२१ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, विधेयक मांडलं गेलं, ते मंजूर झालेलं नाही. मी आणि माझे मित्र आमच्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात जातो, भेटीची वेळ आधी मागून घेतो. मतदार नसलेल्यालाही ते भेटतात, आणि सोबत मतदार असलेला शेजारी असला तर जास्त नीट ऐकतात. पुढच्या भेटीला माझे हायस्कूलचे फुटबॉलचे कोच येणार आहेत. तुमच्या भागात असं कोणी मूल असेल, तर त्याच्याबरोबर एकदा तुम्हीही जा.