सासूबाईंच्या कपाटातला डांबरगोळ्यांचा वास जात नाहीये

सदाशिवपेठी
लेक सातव्या महिन्यात आहे, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. तिच्या खोलीत सासूबाईंचं सागवानी कपाट आहे. चाळीसेक वर्षं त्यात पैठण्या आणि डांबरगोळ्या. गोळ्या केव्हाच काढल्या, तरी दार उघडलं की वास नाकात शिरतोच. वर्षभर मी वरून लॅव्हेंडरचा स्प्रे मारला, तर आता दोन्ही वास एकदम येतात. गेल्या रविवारी लेक आली होती, तिला दारापाशीच मळमळलं. कपाट विकायचं नाहीये. काय करू?

नाशिककर
ताई, मी जुन्या फर्निचरची कामं करतो. वास दर्शनी पॉलिशला नसतो, आतल्या कोऱ्या लाकडाला असतो. ड्रॉवर काढून उलटा करा, तळाला नाक लावून बघा. डांबरगोळीची वितळल्याशिवाय थेट वाफ होते आणि ती कोऱ्या लाकडात मुरते. ऊब आणि वारा मिळाला की हळूहळू बाहेर पडते. ड्रॉवर, फळ्या गच्चीत आडोशाला उभ्या करा. कडक उन्हात नको, लाकूड तडकतं. मग आतून पॉलिशपेपर मारून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, म्हणजे उरलासुरला वास आतच राहतो. स्पिरिट उडेपर्यंत दारं उघडी ठेवा. हे सगळं लेक यायच्या आत उरका. व्हिनेगरने पुसून काही होत नाही.

ठाण्याची काकू
मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते, म्हणून कळकळीने सांगते. काही बाळांत जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे अशा बाळाला घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. वास गेलासा वाटला तरी दुपटी त्यात ठेवू नका. पैठण्याही त्या खोलीतून हलवा. आणि तो स्प्रे बंद करा. धूप, अगरबत्तीही नको.

सदाशिवपेठी
तीन आठवडे झाले. नाशिककर दादा, ड्रॉवरच्या तळाचं अगदी खरं निघालं! पण सगळ्यात जास्त वास चोरखणात होता. तळाला वर्तमानपत्राची घडी चिकटलेली, पिवळी पडलेली, आणि तिच्याखाली गोळ्यांचा पांढरा चुरा. ओल्या फडक्याने भिजवून उलथन्याने खरवडली. काल पॉलिशचा दुसरा हात झाला. कपाट सध्या बाहेरच्या खोलीत आहे, दारं सताड उघडी. काकू, दुपटी वेताच्या टोपलीत ठेवली आहेत, आणि जी६पीडीचं लेकीच्या डॉक्टरांना विचारायचं चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.