मदत हवी आहे: सायलेन्सरचा बेंड पाईप हेडजवळ ढिला झालाय

मंडळी, माझ्या जुन्या १५० सीसी गाडीचा बेंड पाईप इंजिन हेडला जिथं बसतो तिथं हलतोय, गाडी थंड असताना फट् फट् आवाज येतो, थ्रॉटल सोडला की पॉपिंग होतंय आणि जॉइंटपाशी काळी काजळी धरलीय, म्हणजे गॅस तिथूनच लीक होतोय एवढं नक्की. सायलेन्सरचा मागचा बोल्ट टाइट आहे, तिकडं काही नाही.

खरी अडचण स्टडची, म्हणजे हेडमध्ये बसवलेल्या आणि नटानं पाईप धरून ठेवणाऱ्या आट्याच्या दांडीची आहे. दोन स्टडपैकी एकाचा नट बसतो, पण दुसऱ्याला पाना लावला की नटाबरोबर स्टडच फिरतोय, टाइट असा होतच नाही. हेड अॅल्युमिनियमचं आणि स्टड लोखंडी, त्यामुळं आतले आटे गेलेत असं मला वाटतंय. एका गॅरेजवाल्यानं जाड स्टड ठोकून देतो म्हणून सांगितलं, पण हेडला क्रॅक गेला तर काय करायचं सांगा की, म्हणून मी नको म्हटलं.

तर हेड न उतरवता हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेच्या नवीन आट्यांची गुंडाळी) बसतो का, का हेड काढूनच द्यावं लागतंय? कोल्हापुरात उद्यमनगरात एवढी मशीन शॉप आहेत, त्यातलं असलं बारीक आट्याचं काम जपून करणारं कोण माहीत असेल तर प्लीज सांगा. पाईप आणि हेडमधलं कॉपरचं पॅकिंग तर नवीनच टाकणार, जुनं एकदा दबलं की परत नीट सील होत नाही. आणि दुसरा स्टड चांगला आहे, पण गंजलाय, तो पण आत्ताच बदलून घ्यावा का? वडलांची गाडी आहे ओ, काम नीटच व्हायला पायजे.