मदत हवी आहे: जुन्या साइटवरचं चर्चेचं पान पुन्हा चालू करायचंय

मंडळी, १९९८ सालची माझी एक साइट जुन्या सीडीवर सापडली, साधी एचटीएमएल पानं लगेच उघडली पण लोक जिथे एकमेकांना उत्तरं द्यायचे ते पान काही केल्या धड चालेना. मागे पर्ल भाषेतली सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालून पान तयार करणारा छोटा प्रोग्रॅम) आहे, डेटाबेस वगैरे काही नाही, सगळे मेसेज एकाच टेक्स्ट फाइलमध्ये. आधी स्क्रिप्टला लागणारं सीजीआय डॉट पीएम हे पर्लचं मॉड्यूलच सापडेना, मग कळलं की पर्ल ५.२२ पासून ते सोबत येतच नाही, वेगळं टाकावं लागतं. ते केलं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. दोन ब्राउझरमधून एकदम मेसेज टाकला की कधीकधी अख्खी फाइल रिकामी! तेव्हाही असं व्हायचं, मी सर्व्हरला शिव्या घालायचो. आता बघतोय तर स्क्रिप्ट फाइल लिहायला उघडते (तिथेच ती रिकामी होते) आणि मग फ्लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच लिहावं म्हणून फाइलला घालायचं कुलूप, लावते, म्हणजे कुलूप लागायच्या आधीच फाइल पुसली जाते, असंच ना? वेगळी लॉक फाइल ठेवू की सरळ एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर जाऊ? मूळ रूप शक्यतो मोडायचं नाहीये.

आणि हो, कुणीतरी बोल्डचा टॅग बंद न केल्यामुळे खालचं सगळं पान ठळक दिसतंय, जुन्या मेसेजमधले असे उघडे राहिलेले टॅग एकदम साफ कसे करू?