नवा स्पार्क प्लग बसवण्यापूर्वी गॅप मोजावा की नाही?

सह्याद्रीस्वार (धागाकर्ता)

दुचाकीची सर्व्हिसिंग करताना नवा प्लग खोक्यातून काढून तसाच बसवण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की अनेक गॅरेजांत फट मोजण्याचे फिलर गेज दिसतही नाही. माझे मत स्पष्ट आहे. बसवण्यापूर्वी गॅप, म्हणजे प्लगचा मधला आणि वरचा वाकडा इलेक्ट्रोड (धातूची टोके) यांमधली ठिणगी पडण्याची फट, मोजलाच पाहिजे आणि तो वाहनाच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळत नसेल, तर जुळवूनही घेतला पाहिजे.

‘गॅप कारखान्यातूनच लावून येतो’ हे उत्तर नेहमी मिळते, पण कारखाना तो प्लगच्या क्रमांकानुसार लावतो, आपल्या इंजिनानुसार नव्हे. एनजीके या कंपनीच्या प्लगच्या क्रमांकाच्या शेवटी ९ असेल तर गॅप ०.९ मिमी आणि ११ असेल तर १.१ मिमी असतो. मात्र तोच प्लग निरनिराळ्या कंपन्यांच्या इंजिनांत बसतो आणि त्या सर्वांना एकच गॅप चालतो असे नाही. शिवाय वरचा वाकडा इलेक्ट्रोड ही साध्या प्लगमध्ये निकेल मिश्रधातूची पातळ पट्टी असते आणि खोके हातातून पडले तरी ती दबू शकते.

ठिणगी पडण्यासाठी लागणारे व्होल्टेज गॅपबरोबर वाढते, तसेच सिलिंडरमधील दाबाबरोबरही वाढते. म्हणूनच गॅप जास्त असलेली गाडी उभ्या उभ्या सुरेख चालते, परंतु घाटात दोघांना घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडला की मिसिंग करू लागते, आणि मग दोष पेट्रोलला किंवा कार्ब्युरेटरला दिला जातो. गॅप फार कमी असेल तर ज्वालेचा आरंभच इतका छोटा होतो की त्यातील उष्णता इलेक्ट्रोड शोषून घेतात, आणि आयडलिंग अस्थिर होते.

यंत्रनिष्ठ

आपण सांगितलेले भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. वाहनाच्या पुस्तिकेत प्लगचा पूर्ण क्रमांक दिलेला असतो आणि तोच प्लग घेतला तर गॅपही तोच मिळतो. निराळ्या इंजिनासाठी निराळा गॅप लागतो ही अडचण चुकीचा प्लग विकत घेतल्यामुळे उद्भवते. तिच्यावर उपाय योग्य प्लग घेणे हा आहे, चुकीचा प्लग वाकवणे हा नव्हे.

याहून गंभीर मुद्दा इरिडियम प्लगचा आहे. त्यांचा मधला इलेक्ट्रोड केवळ ०.४ ते ०.६ मिमी जाडीचा असतो आणि इरिडियम कठीण असले तरी ठिसूळ आहे. चपटे गेज त्या फटीत दामटले, किंवा मधल्या टोकाचा आधार घेऊन वरची पट्टी उचकटली, की टोक तुटते अथवा आतल्या सिरॅमिकला तडा जातो. तो तडा बाहेरून दिसत नाही. एक-दोन दशांश मिलिमीटरच्या शंकेपोटी महागडा प्लग निकामी करण्यात कोणते शहाणपण आहे? अनेक ठिकाणी तर हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप ‘तपासतात’. त्यापेक्षा हात न लावणे कितीतरी सुरक्षित आहे.

सीएनजीप्रवासी

यंत्रनिष्ठ यांचे म्हणणे पेट्रोलच्या गाड्यांपुरते एक वेळ मान्य करता येईल, पण बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या मोटारींचे काय? हवा आणि सीएनजीचे मिश्रण पेटवण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर कसलीही तक्रार न करणारा प्लग सीएनजीवर चढाला आचके देतो. अशा गाडीत गॅप थोडा कमी ठेवणे ही सर्वमान्य पद्धत आहे आणि मूळ पुस्तिकेतील आकडा तेथे पुरेसा ठरत नाही. गॅप मोठाच राहिला तर वाढलेले व्होल्टेज दुसरी वाट शोधते आणि अखेर ते व्होल्टेज तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो. कॉइलची किंमत पाहता गेज फार स्वस्त आहे.

यंत्रनिष्ठ

किट बाहेरून बसवले असेल तर आपला मुद्दा मान्य आहे, कारण तेथे गाडीच मूळ रचनेपासून दूर गेलेली असते. कारखान्यातूनच सीएनजीवर आलेल्या गाडीसाठी मात्र कंपनी स्वतः प्लगचा क्रमांक देते, आणि तेथे मी पुन्हा तेच म्हणेन. गॅपवर एवढी चर्चा करणारे लोक प्लग किती आवळावा याबद्दल गप्प असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वॉशर असलेला नवा १४ मिमी प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा असतो. तो सैल राहिला तर त्यातली उष्णता सिलिंडर हेडकडे नीट जात नाही आणि प्लग जळतो. फार आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. नवख्या माणसाने आपले लक्ष तेथे द्यावे.

पाना_आणि_पक्कड (गॅरेजचालक)

मी सह्याद्रीस्वार यांच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. हॅक्सॉ ब्लेडवरची टीका रास्त आहे. ते साधारण ०.६ मिमी जाडीचे असते, त्यामुळे ०.९ मिमीच्या गॅपमध्ये ते सहज शिरते आणि गॅप ०.८ आहे की १.० हे काहीच सांगत नाही. पण वाईट साधन वापरले जाते म्हणून मोजणेच सोडावे, हे पटत नाही. गोल तारेचे गेज हलक्या हाताने सरकवले तर इरिडियमच्या टोकाला इजा होत नाही. वाकवायची वेळ आलीच, तर केवळ वरची पट्टी वाकवावी आणि मधल्या इलेक्ट्रोडवर कसलाही जोर देऊ नये. ज्या प्लगला दोन-तीन बाजूंचे इलेक्ट्रोड असतात, त्यांच्या वाटेला मात्र जाऊच नये.

माझे कारण असे की प्लग झिजतो आणि गॅप वाढत जातो. बसवताना किती होता याची नोंद नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला तो किती वाढला हे कोण सांगणार? पल्सरसारख्या दोन प्लगच्या इंजिनात तर दोन्हींची झीज शेजारी ठेवून पाहता येते, आणि एकच भराभर झिजत असेल तर त्याच्या वायरीकडे, टोपीकडे किंवा कॉइलकडे पाहायला हवे हे लगेच कळते. मी जॉब कार्डावर हा आकडा लिहितो, गॅपला हात लावावा लागला नसला तरीही.

सह्याद्रीस्वार

नोंदीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो माझ्या मूळ युक्तिवादापेक्षा भक्कम आहे. यंत्रनिष्ठ यांच्यासाठी मी एवढी दुरुस्ती करतो की इरिडियम प्लगचा गॅप चुकीचा निघाला, तर तो घरी वाकवत न बसता दुकानात परत करून बदलून घ्यावा. पण तो चुकीचा आहे हे कळण्यासाठीही आधी मोजावा लागेलच, आणि त्या बाबतीत माझे मत कायम आहे.