पायी फिरताना दिसलेलं गाव: तुमचे अनुभव

खिडकीतून
आज सोसायटीत टँकर आला. बादल्या भरता भरता एकदम आठवलं. काही वर्षांपूर्वी रविवारी सकाळी सातला पुण्यात हेरिटेज वॉकला गेले होते. नेणाऱ्या काकांनी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रजची जलवाहिनी समजावली. तलाव ते शनिवारवाडा, पंप नाही की मोटर नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये दगडी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर सोडणारे मनोरे. मग पेठेतल्या एका जुन्या हौदापाशी थांबलो आणि मी ओशाळलेच. चार वर्षं तिथेच स्कूटी लावत होते! कचराकुंडीचा कट्टा समजायचे.
तुमचंही लिहा, कुठल्याही गावचं चालेल.

पेठेतली सून
आमच्याकडे उलटं. वॉकवालेच आमच्या बोळात येतात. सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालतायत आणि खाली वीस जण माना वर करून. परवा एकाने विचारलं, "आजी, वाडा किती जुना?" त्या म्हणाल्या, "भाडं अठरा रुपये होतं तेव्हापासूनचा."
कुकर लावलाय, नंतर येते.

भटक्या७२
सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती पाहिलाय का कुणी? १७५४ साली काम सुरू झालं. अख्खं देऊळ काळ्या दगडाचं. दर्शनी भिंतीवरचे हत्ती बघत होतो, तर खाली गोरा शिपाई चक्क गेंड्याला साखळदंड घालतोय! पुण्यात, गेंडा! मी तिथेच फतकल मारून बसलो.
आत मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. आमचे चिरंजीव (वय ८) मोठ्याने: "बाबा, याला सर्दी झाली तर?" पुजारीकाकाही हसले.

मिरची
@भटक्या७२ चहा नाकातून आला ना राव 😂

सांबारवडी
चेन्नईत असतो. तंजावरच्या मोठ्या देवळात गेलो ते भर दुपारी. चपला बाहेर, फरशीवर पाय ठेववेना. सावलीला भिंतीशी उभा राहिलो, तर समोर मराठी! तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास. बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसलो. एक तमिळ आजी बराच वेळ बघत होत्या. माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, "ही माझी भाषा." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. पाय भाजलेले, घरी येऊन बर्फ लावला.

शाईपेन
बुधवार पेठेतला भिडेवाडा मी बाहेरून पाहिलाय. खाली दुकानं, वर पडझड. १८४८ ची मुलींची शाळा इथली. २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. माझ्याकडे एकच फोटो आहे, त्यातही मैत्रिणीचं डोकं मध्ये. तेव्हा म्हटलं, पुन्हा येऊन नीट काढू.

मिरची
@खिडकीतून टँकरवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना प्लीज. आमचा फोनच उचलत नाही.

अर्धवट
आम्ही पैसे भरले होते, नेणारा आलाच नाही. कसबा गणपतीपाशी सात अनोळखी माणसं तासभर एकमेकांकडे बघत उभी. शेवटी एका काकूंनीच पुढाकार घेतला: "चला, मला जेवढं माहितीये तेवढं दाखवते." काकूंचं माहेर तिथलंच. लाल महाल पाच मिनिटांत उरकला, स्वतःची शाळा मात्र अर्धा तास दाखवली. नंतर मिसळ. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

खिडकीतून
@मिरची केला व्यनि. @पेठेतली सून, अगं, कुकर?

पेठेतली सून
वरण लागलं. सासूबाई विचारतायत, त्या हौदापाशी स्कूटी लावणारी तूच का?