पेसर्सचा टर्नर गेला, हॅलिबर्टन वर्षभर बाहेर, यंदा (2025-26) एनबीएत कोणाकडे बघायचं?

वरळीची_लेफ्टी

नमस्कार मंडळी, सीझन सुरू व्हायला जेमतेम दोन-अडीच आठवडे राहिलेत आणि मी अजून जूनमध्येच अडकलेय. थोडं मागचं सांगते म्हणजे प्रश्न कळेल. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या टीम्स मुंबईत आल्या होत्या ना, वरळीच्या डोममध्ये, त्यातली 4 तारखेची पहिली मॅच शाळेच्या मुलांसाठी होती आणि आमच्या शाळेला पास मिळालेले. मी आठवीत होते. हजारो पोरं एकदम ओरडत होती, शेजारच्या मैत्रिणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं पण त्या आरडाओरड्यातसुद्धा बुटांचा कचकच आवाज मात्र येत होता, तो मला अजून आठवतो. मॅच ओव्हरटाइमला गेली आणि पेसर्सनी 132-131 ने मारली. त्या दिवसापासून पेसर्स माझी टीम, दुसरी कुठली टीम घ्यायचा कधी विचारच आला नाही.

आणि मग ही 2025 ची थंडरविरुद्धची फायनल. गेम 7 आपल्याकडे पहाटे साडेपाचला होती, मी पाचपासून उठून बसलेले. टीम चालवणाऱ्या हॅलिबर्टनच्या पोटरीला गेम 5 पासून दुखापत होती तरी तो उतरला, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) टाकले, 9 पॉइंट झाले, मला वाटलं आज होतंय. आणि मग तो ड्राइव्हला गेला, उजवा पाय मागे सरकला, खाली पडला आणि हाताने फ्लोअर बडवत राहिला. मला तेव्हाच कळलं की अकिलीस (टाचेमागची जाड शीर) गेला. आई चहा घेऊन आली तर मी रडत बसलेले.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण आठ-दहा दिवसांत बातमी आली की आमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) माइल्स टर्नर मिलवॉकीला चालला. दहा वर्षं एका टीममध्ये काढलेला माणूस, फायनल खेळून आलेला, आणि असा सरळ शेजारच्या टीमकडे? आणि पेसर्सना बदल्यात काहीच नाही? बॉस्टनने तर अर्धी टीम विकून टाकली. सगळीकडे "सेकंड ॲप्रन, सेकंड ॲप्रन" वाचते पण नीट डोक्यात शिरत नाही. कोणी साध्या भाषेत सांगेल का हे काय आहे, टर्नर खरं कशामुळे गेला, आणि यंदा हॅलिबर्टन नसताना मी कुठली टीम बघू?

कोथरूडचा_पॉइंटगार्ड

तुझं वाचून वाईट वाटलं. मी 2019 ला दुसऱ्या दिवशीच्या मॅचला होतो, तिकीट काढून, त्यामुळे तो आवाज मलाही माहितीये.

आता पैशाचं. यंदा (2025-26) सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, आहे साधारण 15 कोटी 46 लाख डॉलर. पण ही कॅप म्हणजे भिंत नाही, आपले जुने खेळाडू ठेवायला टीमला तिच्यावर जाता येतं. पुढे 18 कोटी 79 लाखांना टॅक्सची रेषा, त्याच्यावर गेलात की मालकाने पदरचे पैसे भरायचे. पूर्वी श्रीमंत मालक म्हणायचे भरतो की, त्यात काय. म्हणून 2023 च्या लीग आणि खेळाडू संघटनेतल्या नवीन करारात एका ॲप्रनचे, म्हणजे टॅक्सच्याही वरच्या कडक रेषेचे, दोन केले, यंदा पहिला 19 कोटी 59 लाखांवर आणि दुसरा 20 कोटी 78 लाखांवर. दुसऱ्याच्या वर गेलात की नुसते पैसे भरून सुटका नाही, हातच बांधतात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणायचा ट्रेड (अदलाबदल) करता येत नाही, मिडलेव्हल (कॅपच्या वर असूनही नवा खेळाडू घ्यायची सवलत) वापरून कोणाला साइन करता येत नाही, सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक (नव्या खेळाडूंमधून पहिल्या फेरीत निवडायचा हक्क) गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. म्हणजे टीम आहे तशी अडकते आणि कोणी जखमी झालं की बदली आणायची सोयच नाही.

बॉस्टनचं तेच झालं. टेटमचा 31 कोटी 40 लाखांचा करार यंदापासून लागू, ब्राउनचा चालूच आहे, सगळ्यांना ठेवलं असतं तर पगार अधिक टॅक्स मिळून 50 कोटी डॉलरच्या आसपास बिल गेलं असतं. त्यात मे महिन्यात निक्सविरुद्ध टेटमचा अकिलीस गेला, म्हणजे एवढा खर्च करून यंदा जिंकायची शक्यताही कमी. मग हॉलिडे पोर्टलंडला, बदल्यात सायमन्स. पोर्झिंगिस अटलांटाला. कॉर्नेट सॅन अँटोनियोला, हॉरफर्ड वॉरियर्सकडे. 2024 चं टायटल जिंकलेल्या टीमचे तीनही मोठे सेंटर एका उन्हाळ्यात गेले. मला हे बघवत नाही, पण त्यांच्या जागी मी असतो तरी दुसरं काय केलं असतं माहीत नाही.

टर्नरचं मात्र वेगळं आहे आणि इथे माझा पेसर्सच्या मालकांवर राग आहे. त्यांचा सेकंड ॲप्रनशी संबंध नव्हता, प्रश्न साध्या टॅक्सचा होता. पेसर्स बरीच वर्षं टॅक्स भरत नाहीत. हॅलिबर्टन वर्षभर नाही म्हटल्यावर त्यांनी हात आखडला आणि टर्नर करार संपलेला, मोकळा फ्री एजंट होता, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. मिलवॉकीकडे तर कॅपमध्ये जागाच नव्हती, ती त्यांनी कशी काढली बघ. त्यांच्या लिलार्डचा अकिलीस एप्रिलमध्ये गेला होता, त्याचे दोन वर्षांचे 11 कोटींच्या वर डॉलर शिल्लक होते. बक्सनी (मिलवॉकीची टीम) त्याला सोडून दिलं आणि ती रक्कम पाच वर्षांवर पसरली. म्हणजे दर वर्षी सव्वादोन कोटी डॉलर अशा माणसासाठी जो त्यांच्याकडे खेळणारच नाही. एवढी मोठी रक्कम आजवर कोणी अशी स्ट्रेच केली नव्हती. आणि त्या जागेत टर्नरला चार वर्षांचे 10 कोटी 70 लाखांच्या आसपास. त्यांचा स्टार यानिस जाऊ नये म्हणून केलेला आतबट्ट्याचा व्यवहार आहे हा, माझं स्पष्ट मत. टर्नर चांगला आहे, थ्री मारतो, ब्लॉक करतो, गेलेल्या सेंटरची, ब्रुक लोपेझची, जागा भरून काढेल, पण बक्सच्या बॉल हँडलिंगचं काय?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन, एकाच प्लेऑफमध्ये तिघांचे अकिलीस गेले आणि तिघांच्याही जर्सीवर 0 नंबर. मी अंधश्रद्धा मानत नाही पण हे आठवलं की पोटात कसंतरी होतं.

शुगरलँडकर

ह्यूस्टनमधून लिहितोय. ताई, यंदा रॉकेट्स बघ असं मी म्हणेन आणि हे मी इथे राहतो म्हणून नाही. (थोडं त्यामुळेही असेल.)

गेल्या वर्षी 52 मॅचेस जिंकून वेस्टमध्ये (लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग आहेत) दुसरा नंबर, आणि पहिल्याच राउंडला वॉरियर्सकडून सातव्या मॅचमध्ये हरलो. ती सातवी मॅच मी पोराला घेऊन टोयोटा सेंटरला बघितली. डिफेन्स होता, रिबाउंड होते, पण शॉट क्लॉक संपत आला की बॉल कोणाच्या हातात द्यायचा हेच ठरत नव्हतं. घरी येताना गाडीत पोरगा म्हणाला, "बाबा, आपल्याकडे शेवटचा शॉट मारणारा कोणीच नाही का?" तेरा वर्षांच्या पोराला दिसलं ते टीमच्या ऑफिसलाही दिसलं असणार, कारण उन्हाळ्यात थेट केव्हिन ड्युरंट आणला. सात टीम्सचा ट्रेड, फिनिक्सला जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दहावा पिक आणि सेकंड राउंडचे पिक्स गेले. ड्युरंट गेल्या महिन्यात 37 चा झाला, पण मागच्या सीझनला 26.6 च्या ॲव्हरेजने खेळलाय. त्याला धावायला लावू नका, एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाला) उभा करा आणि बॉल द्या, एवढंच पाहिजे. शिवाय फिनी-स्मिथ आला, कपेला परत आला.

पण सप्टेंबरमध्ये व्हॅनव्हलीटचा एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) गेला आणि सगळं गणित हललं. तो फार झळकत नाही पण टीम तोच चालवायचा, शेवटच्या दोन मिनिटांत बॉल फुकट घालवायचा नाही. आता आमेन थॉम्पसनला बॉल आणायचं काम करावं लागणार, आणि तो वाऱ्यासारखा पळतो पण बाहेरून शूटिंग नाही. रीड शेपर्डला शूटिंग आहे पण डिफेन्समध्ये समोरचे त्यालाच शोधून काढणार. कोच उडोका शेंगून आणि ॲडम्स या दोन्ही सेंटरना एकत्र उतरवून ऑफेन्सिव्ह रिबाउंडवर मॅचेस काढेल असं वाटतं, गेल्या वर्षी ती जोडगोळी भारी चालली होती. मला काळजी आहे पण उत्सुकताही तेवढीच आहे.

जोकिचवाला_नागपूर

रॉकेट्स वगैरे ठीक आहे पण ह्या उन्हाळ्यात खरं शहाणपणाचं काम डेन्व्हरने केलं आणि त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांचा सेंटर जोकिच मागच्या सीझनला 29.6 पॉइंट, 12.7 रिबाउंड, 10.2 असिस्ट, हे ॲव्हरेज आहे राव, एका मॅचचा आकडा नाही. आणि तो बेंचवर बसला की टीम कोसळायची, वर्षानुवर्षं हेच रडगाणं. तरी थंडरला सातव्या मॅचपर्यंत नेलं होतं, ॲरन गॉर्डन दुखऱ्या पायाने खेळत असताना. यंदा मायकल पोर्टर आणि 2032 चा पिक ब्रुकलिनला देऊन कॅम जॉन्सन घेतला, त्याचा पगार पोर्टरपेक्षा बराच कमी, आणि वाचलेल्या पैशातून बेंच उभी केली. वॅलंचुनस आला म्हणजे पहिल्यांदाच जोकिचला खराखुरा बॅकअप सेंटर मिळाला, ब्रूस ब्राउन परत आला (2023 च्या टायटलमध्ये होता तो), टिम हार्डवे ज्युनिअर आला. मोठं नाव एकही नाही पण जिथे भोक होतं तिथेच ठिगळ लावलंय.

कोथरूडचा_पॉइंटगार्ड

डेन्व्हरबद्दल सहमत, पण ओक्लाहोमाच्या थंडरला विसरू नका. 68 मॅचेस जिंकून टायटल घेतलं आणि रोटेशनमधला जवळजवळ प्रत्येक माणूस परत आलाय, बाकी सगळीकडे उलथापालथ चालू असताना हाच मला सगळ्यात मोठा बदल वाटतो. शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन तिघांशी करार झाले, पण त्यांचे मोठे पगार पुढच्या वर्षांत चालू होणार, म्हणजे ॲप्रनचा फास त्यांच्याही गळ्यात पडेल, फक्त यंदा नाही. फक्त एक आहे, 2018 च्या वॉरियर्सनंतर कोणालाच लागोपाठ दोनदा जिंकता आलेलं नाही, सात वर्षांत सात वेगळे चॅम्पियन झालेत.

ईस्टमध्ये मला ऑरलँडो बघायचंय. शूटर डेसमंड बेनसाठी चार फर्स्ट राउंड पिक्स दिले, महाग वाटतं, पण त्या टीमला बाहेरून शॉट पडत नव्हते आणि बेनचे पडतात. टेटम, हॅलिबर्टन नाहीत म्हणजे ईस्टचं दार उघडं आहे, निक्स किंवा कॅव्हज तर आहेतच.

लुकासाठी_जागरण

लेकर्सचं नाव नाही घेतलं कोणी म्हणून लिहितो. लुका डॉन्चिचने ऑगस्टमध्ये करार वाढवला, वजन उतरवून आलाय, सेंटरला एटन, आणि मार्कस स्मार्ट. लेब्रॉनचा हा 23 वा सीझन, इतके सीझन आजवर कोणीच खेळलेलं नाही. डिफेन्सची चिंता आहे पण एवढ्यासाठी तरी बघाच, हे परत बघायला मिळणार नाही.

वरळीची_लेफ्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोथरूड दादा, ॲप्रन आता कळला, आणि टर्नरवरचा राग जरा मालकांकडे वळला. दहा वर्षं दिल्यावर जिथे किंमत होईल तिथे जाणारच ना माणूस.

तुमचं वाचून मी काल पेसर्सची आताची यादी काढून बसले. 2019 ला डोममध्ये आलेल्या त्या टीममधला आता एकटा मॅकॉनेल उरलाय. ओलाडिपो तेव्हा दुखापतीत होता, सबोनिस गेला किंग्जकडे आणि त्याच्याच बदल्यात हॅलिबर्टन आला, म्हणजे मुंबईत समोरासमोर खेळलेल्या त्या दोन टीम्समध्येच तो ट्रेड झाला, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. टर्नरच्या जागी आता जे हफ, आयझाया जॅक्सन, वाइजमन यांच्यातून कोच कार्लाइल काय करतो ते बघायचं. जॅक्सन आणि वाइजमन दोघंही गेल्या वर्षी अकिलीस जाऊन बसले होते, ते परत उभे राहिलेत, तर हॅलिबर्टनही राहील. नेमहार्डला पूर्ण टीम चालवायला मिळेल, सिआकम आहे, मॅथुरिनचं कराराचं शेवटचं वर्ष आहे, नवा मिळवायला तो जोर लावेल. फार जिंकणार नाहीत हे मला दिसतंय. पण मी टीम बदलत नाही, दुसरी म्हणून डेन्व्हर बघेन, नागपूरकर खूश?

आता मॅचेसच्या वेळा कोणी नीट सांगा, दिवाळीत घरात सगळे असणार.

जोकिचवाला_नागपूर

खूश. जोकिच बॅकडोअर पास (डिफेंडरच्या मागून बास्केटकडे पळणाऱ्याला दिलेला पास) टाकतो तेव्हा त्या पळणाऱ्याकडे नको, त्याच्या डोळ्यांकडे बघत जा.

शुगरलँडकर

पहिली मॅच रॉकेट्स-थंडर, आमच्याकडे 21 ची संध्याकाळ म्हणजे तुमच्याकडे 22 ला पहाटे पाच, पाडव्याला. तुझी पेसर्स-थंडर इंडियानात, फायनलचीच जोडी, ती 24 ला पहाटे पाचला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं मागे गेली की सगळं एक तास उशिरा, म्हणजे पाचची मॅच सहाला.

वरळीची_लेफ्टी

24 ला पहाटे पाच, लिहून ठेवलं. भाऊ येणारच आहे भाऊबीजेला, त्याला रात्री थांबवून घेते. 2019 ला माझ्या शेजारच्या रांगेत तोही होता.