पुळणीमागच्या टेकडीला पोटखराबा म्हणावे का?

धागाकर्ती, 'मर्यादवेल':
मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या गावी गेले, तेव्हा शेजारच्या वाडीत पुळणीमागची (वाळूच्या किनाऱ्यामागची) टेकडी जेसीबीने सपाट केलेली दिसली. जमीन खाजगी, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, म्हणून लागलेली. "तिथे उगवते काय, तर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा," असे मला ऐकवण्यात आले. माझे म्हणणे असे की, ज्यांना कोणी हिशेबात धरत नाही त्या या दोन वनस्पतींनीच ती टेकडी उभी केलेली असते. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू त्यांच्या पानांत अडते, वेल गाडली गेली की पेराला मुळे फोडून पुन्हा वर येते, आणि असे करता करता टेकडी पुरुषभर उंच होते. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडून नेतात. ती वाळू किनाऱ्यालगत पाण्याखाली साचते आणि समुद्र निवळला की हळूहळू परत येते. मोठ्या उधाणात मात्र लाटा टेकडीतली वाळू उचलतात, आणि टेकडीच नसेल तर पुढची पाळी मागच्या माडांची असते. १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने अशा टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई केली, तरी वाडीत कोणालाही काही चुकल्यासारखे वाटले नव्हते.

'माडबाग':
ताई, हे सारे मान्य केले तरी माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या बागेच्या माडांच्या दोन ओळी समुद्राने नेल्या, आणि समोरच्या टेकडीला तर कोणी हातही लावला नव्हता. आधी लाटांनीच टेकडी अर्धी कापली आणि पुढच्याच पावसात माड आडवे झाले. म्हणून आम्ही दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मागतो. शिवाय ज्या जागेवर चार खोल्या बांधून पर्यटकांच्या निवास-न्याहारीची सोय करता आली असती, तिथे नियमांमुळे आम्हाला हेलपाटे पडतात. गावाबाहेर राहणाऱ्यांना किनारा राखलेला हवा असतो, पण त्या राखणीचा खर्च आमच्या सातबाऱ्यावर पडतो, हे धाग्यात कुठेच आलेले नाही.

'रापणकार':
बंधाऱ्याला माझा विरोध आहे. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळे सोडून त्याचे दोन्ही दोर माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचे. त्याला मोकळी पुळण लागते. जिथे दगड टाकले तिथे लाट दगडावर आपटून पायथ्याची वाळू घेऊन जाते, भरतीला उभे राहायलाही जागा उरत नाही, आणि बंधारा संपतो तिथून पुढच्या वाडीची धूप सुरू होते. टेकडीला आम्ही पडीक कधीच म्हटले नाही, कारण पावसाळ्यात तिच्याच आडोशाला झावळांनी शाकारून होड्या ठेवतो. फक्त टेकडी वाचवायला येणाऱ्यांनी आमच्या होड्यांना अतिक्रमण म्हणू नये.

'सुरूबन':
वाळू धरायला वेलच कशाला हवी? सुरूची झाडे लावा. किनाऱ्यावरची सावली आणि शोभा आज सुरूमुळेच आहे.

'मर्यादवेल':
सुरूची सावली मलाही आवडते, तरी तिच्या सुयांच्या थराखाली आपली वेल क्वचितच वाढते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनकडे सुरू मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली. (माड आणि पोफळीही पडल्या, हे मान्य करायला हवे.) माडबागदादा, खर्चाचा तुमचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू झाले, पुढे पिल्ले पाहायला येणारे लोक गावातल्या घरांत उतरू लागले, आणि पुळणीकडे पाहण्याची गावाची नजर बदलली. राखणीतून चार पैसे गावातच राहतात, हे त्यामागचे मोठे कारण.

'माडबाग':
कासवे प्रत्येक गावात येत नाहीत. पण येत्या मृगात वेलीची कांडी आणलीत, तर टेकडीच्या तुटक्या कडेला लावायला मी जागा देतो आणि गुरे आत जाऊ नयेत म्हणून कुंपणही करतो. बंधाऱ्याचा अर्ज मात्र मागे घेणार नाही.